सामानाचा धनी

पहाटे साडेतीन

मे महिन्यात कन्नडला या वेळेलाही हवा कोंदलेली असते. गाडी रात्रीच धुऊन उभी केलेली. सतरा सीटची ट्रॅव्हलर, मालक मीच आणि ड्रायव्हरही मीच. आजची वर्दी शिर्डीची. आधी बाबांचं दर्शन, मग दिवसभर वॉटर पार्क आणि रात्री परत. मका-कापूस विकून घरात चार पैसे आलेले असतात, पोरांना सुट्ट्या असतात, पेरणीला अवकाश असतो, म्हणून या दिवसांत आमच्या तालुक्यातून अशा गाड्या सारख्या निघतात. कुणी हौशी मंडळी थेट खोपोलीजवळच्या इमॅजिकापर्यंत जातात, पण ती मुक्कामाची वर्दी. एका दिवसात जाऊन-येऊन पोरांना पाण्यात डुंबवायचं तर शिर्डी सोयीची.

निघण्याआधी मी डिझेल बघतो, चाकांची हवा बघतो आणि दारं बघतो. सरकत्या दाराची लॅच नीट बसते का, मागच्या डिक्कीचं कुलूप ओढून उघडतं का, खिडकीची एखादी काच बाहेरून ढकलली तर सरकते का. डिझेल संपलं तर पंप सापडतो. गाडीतून कुणाची पर्स गेली तर मात्र पहिली नजर ड्रायव्हरकडे वळते. हे मी ऐकीव सांगत नाही. अशाच एका लांबच्या सहलीत एका बाईंची पर्स दिसेनाशी झाली. कुणी तोंडाने काही बोललं नाही, पण सगळी गाडी गप्प झाली आणि माझ्याकडे बघायला लागली. मीच म्हटलं, माझी सीट उचला, टूलबॉक्स उघडा, खिसे बघा. सगळं बघितलं. संध्याकाळी त्यांच्या घरी फोन आला. जिथे चपला ठेवल्या होत्या त्या हाराच्या दुकानातच पर्स राहिली होती आणि दुकानदाराने आतल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला होता. परतीच्या वाटेवर त्या बाई मला तीनदा चहा घ्या म्हणाल्या. त्यांचा राग मला तेव्हाही नव्हता. पण ते मधले तीन-चार तास कसे गेले ते माझं मलाच ठाऊक.

म्हणून सामानाची काळजी हा माझ्या कामाचा भाग आहे, वर्दी घेतो त्या क्षणापासून.

सव्वाचार

पिशोर नाक्यावर मंडळी उभी. तीन घरं, सोळा माणसं, त्यांत पाच पोरं आणि एक आजी. सामान मात्र तीस माणसांचं. वेताच्या टोपल्या, पाण्याचा जार, चटया, पोरांच्या ट्यूब, कापडी पिशव्या, दोन सुटकेस.

मी प्रत्येक नग हातात घेऊन विचारतो, "हे कुणाचं?"

"आमचंच हाय ना भाऊ."

"आमचंच म्हणजे कुणाचं? एक नाव सांगा."

लोकांना हे विचित्र वाटतं, पण माझा सगळा अनुभव या एका प्रश्नात आहे. जे सामान सगळ्यांचं असतं त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. नवऱ्याला वाटतं बायकोकडे आहे, बायकोला वाटतं नणंदेकडे दिलं, नणंद पोरामागे धावलेली असते. चोराला काही करावंच लागत नाही, तो फक्त उचलतो आणि चालायला लागतो. त्यामुळे प्रत्येक नगाला एक धनी ठरवायचा आणि दिवसभर तोच. मी तीन रंगांच्या फिती ठेवतो, घरागणिक एक रंग, आणि पिशवीच्या बंदाला बांधतो. मग सगळं सामान एका ओळीत मांडून मोबाईलवर फोटो काढतो. परत येताना तो फोटो उघडला की काय राहिलं ते लगेच कळतं.

आता दागिन्यांचा विषय. हा मी आदल्या दिवशीच्या ग्रुपवरच्या निरोपात सांगितलेला असतो, तरी पहाटे पुन्हा काढावा लागतो, कारण अजून घर जवळ असतं.

"काकू, गळ्यातलं खरं आहे का?"

"मंगळसूत्र काढत नसतात भाऊ."

"काढू नका. पण पाण्याच्या घसरगुंडीवर मोठं गंठण कशाला? छोटी पोत घाला काळ्या मण्यांची, नाहीतर बेंटेक्स."

काकूंना ते पटत नाही. त्यांचंही मला पटतं. ते गळ्यातून उतरवणं ही बायकांच्या मनात साधी गोष्ट नाही आणि परक्या पुरुषाने त्यावर बोलणं तर नाहीच. शेवटी आजी मध्ये पडल्या. "माझ्या वेळंला जत्रेत जाताना सासूच म्हणायची, दोन मणी पुरे देवाला." काकू पोराला घेऊन घरी गेल्या, दहा मिनिटांत साधी पोत घालून आल्या. सोन्याचा तोळा लाखाच्या वर गेलाय. गळ्यातलं गंठण म्हणजे एखाद्या घराचं वर्षाचं बी-बियाणं नि खत असतं. त्यासाठी दहा मिनिटं उशीर झाला तरी चालतो.

निघताना आणखी एक सांगतो. घरं बंद करून चाललात, तर शिर्डीचे फोटो स्टेटसला रात्री परत आल्यावर टाका. आपण नाही हे गावाला सकाळीच कशाला सांगायचं? शेजारच्या घरी मात्र सांगून या.

सहा

देवगाव रंगारी मागे टाकून, शिऊर बंगल्यावरून वैजापूरकडे. वैजापूरजवळ जांबरगावला समृद्धी महामार्गावर चढता येतं. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला आणि आमची ही वर्दी बरीच सोपी झाली. पण चहा-नाश्ता मी समृद्धीवर चढण्याआधीच उरकतो.

चहाला थांबलं की सगळी गाडी रिकामी होते, दारं सताड उघडी राहतात, सीटवर पर्स आणि चार्जिंगला लावलेले फोन तसेच. माझा नियम असा, की गाडी कधी रिकामी राहणार नाही. एकजण आत थांबणार, त्याचा चहा मी आत आणून देणार. आज कॉलेजातला पोरगा थांबला. तेवढ्या वेळात त्याच्याकडून मी एक काम करून घेतलं. प्रत्येकाच्या फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. तो कागदावर उतरवला, समोर मालकाचं नाव. त्या कागदाचा फोटो घरी राहिलेल्या एका माणसाला पाठवला. नंबर ज्या फोनमध्ये जपून ठेवलाय तोच फोन गेला तर काय उपयोग? शिवाय स्क्रीनला लॉक आहे का, पैसे पाठवायच्या ॲपला वेगळा लॉक आहे का, सिमला पिन लावलाय का, हेही बघायला लावलं. सिमचा पिन बहुतेकांना माहीतच नसतो. तो नसला तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी त्याच्या हातात पडतात. फोन दहा-पंधरा हजारांचा, पण खात्यातली रक्कम त्याहून मोठी असू शकते.

पैशांची वाटणी इथेच होते. तिन्ही घरांच्या कर्त्यांनी रोख दोन-तीन जागी ठेवायची, एटीएम कार्ड घरटी एकच बरोबर आणायचं, आधारची मूळ प्रत घरी. ओळखपत्र लागलंच तर डिजिलॉकरमध्ये आहे.

साडेसात

शिर्डीत गाडीचा वेग कमी झाला की दोन्ही बाजूंनी पोरं धावत येतात. इथे त्यांना पॉलिशवाले म्हणतात. पार्किंग दाखवतो, चपला फुकट ठेवा, मोबाईल फुकट ठेवा, फक्त हार-प्रसाद आमच्याकडून घ्या. समाधी मंदिरात मोबाईल न्यायची परवानगी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि नेमक्या त्याच अडचणीवर त्यांचा धंदा चालतो. सगळे दुकानदार वाईट नसतात, माझ्या त्या पर्सचा किस्सा आठवा. तरी सोळा जणांचे फोन एका पिशवीत घालून अनोळखी टेबलाखाली सरकवायचे हे मला मान्य नाही. संस्थानचं नवं दर्शनरांग संकुल २६ ऑक्टोबर २०२३ला सुरू झालं, तिथे सामान ठेवायची सोय आहे. नाहीतर फोन गाडीत राहू देत, गाडीत मी आहे. माझ्याकडे ठेवायचे असतील तर मोजून, नाव लिहून, एका पिशवीत, आणि पिशवीची चेन त्यांच्या देखत बंद. परत देताना कागद समोर.

वेरूळला घृष्णेश्वराला तर पुरुषांची वेगळीच पंचाईत होते. गाभाऱ्यात जाताना सदरा-बनियन काढून उघड्या अंगाने जावं लागतं. श्रावणी सोमवारी मी तिथे गाड्या नेतो. रांगेत चार तास सदऱ्याच्या खिशावर हात ठेवून उभा राहिलेला माणूस गाभाऱ्याच्या दाराशी आला की तोच सदरा काढतो, गुंडाळतो, खांद्यावर टाकतो नाहीतर कुणाच्या तरी हातात देतो, आणि त्याचं सगळं चित्त पिंडीवर गेलेलं असतं. खिशातलं पाकीट तेव्हा निराधार होतं. चोर या क्षणाची वाट बघतो. रांगेत उभं असताना आपण सावध असतो. धोका असतो तो वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना, सदरा काढताना, चपला सोडताना, पोराला कडेवर घेताना. त्यामुळे घृष्णेश्वराला जाताना मी सांगतो, पाकीट गाडीतच ठेवा, दक्षिणेचे सुटे पैसे धोतराच्या कनवटीला नाहीतर पँटच्या चोरखिशात. शिर्डीतही तेच. पुढच्या खिशात थोडे पैसे, मागच्या खिशात काही नाही, पर्सचा पट्टा आडवा गळ्यात आणि पर्स पोटावर.

गाडी लावताना दहा-बारा वर्षांचा एक मुलगा काचेपाशी आला. कपाळावर गंध लावायची डबी हातात. पाहुण्यांमधला एकजण म्हणाला, "काचा लावा, हा पोरगा मघापासून घुटमळू राहिला. चोर असतात हे." मी काच लावली नाही. माझा त्याला सरळ विरोध आहे आणि तो मी वर्दीवर असतानाही बोलून दाखवतो. जातीवरून, मळक्या कपड्यांवरून चोर ठरवायची ही सवय फार जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ला तो रद्द झाला, तरी पारध्याचं पोर गर्दीत दिसलं की लोकांचा हात अजून खिशाकडे जातो. ते अन्यायाचं आहेच, आणि तुमच्या पाकिटाच्या दृष्टीनेही उपयोगाचं नाही. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याला तुम्ही ओळखतच नाही. तो रांगेत तुमच्यासारखाच झब्बा घालून उभा असतो, आणि पार्कात तर तुमच्याइतकंच तिकीट काढून आत येतो.

साडेदहा

पार्कचं फाटक. पोरं आता थांबत नाहीत. तिकीट, मनगटाला पट्टी, पिशव्यांची तपासणी, कॉश्च्यूम भाड्याने घ्यायची रांग. माझं काम इथे संपतं असं लोकांना वाटतं. मी मात्र लॉकरपर्यंतच्या सगळ्या गोष्टी फाटकाबाहेर दोन मिनिटं थांबवून सांगतो, कारण आत गेल्यावर कुणी ऐकत नाही.

लॉकर घरटी एक घ्या, पण त्याची किल्ली एकाच माणसाकडे. तो माणूस पाण्यात जास्त न जाणारा असला तर उत्तम. आज ते काम आजींकडे. त्या सावलीत बसणार होत्या. लॉकरात जे ठेवायचं ते आधी बाहेर एका पिशवीत भरा आणि एकदाच ठेवा. लॉकरसमोर उभं राहून पाकीट काढायचं, नोटा मोजायच्या, पुन्हा ठेवायचं, असं केलं की मागच्या बाकावरच्या माणसाला कुठल्या नंबरात काय आहे ते कळतं. कुलूप लावून किल्ली काढली की दार दोन्ही हातांनी ओढून बघा. पत्र्याच्या बऱ्याच कपाटांचा खटका अर्धाच बसतो, किल्ली फिरते पण दार लागलेलं नसतं. किल्लीला नंबराचा बिल्ला असतो, म्हणजे ती ज्याला सापडेल त्याला कपाटही सापडलं. मनगटाचं इलॅस्टिक पाण्यात सैल होतं आणि घसरगुंडीवर निसटतं. पुरुषांनी किल्ली अर्ध्या चड्डीच्या नाडीत ओवून आत सोडावी, बायकांनी आतून पिन लावावी. अनामत भरल्याच्या पावतीचा फोटो घ्यावा. कपडे बदलायच्या खोलीत जीन्स खुंटीला टांगून शॉवरखाली जाऊ नये. पाकीट त्या जीन्सच्या मागच्या खिशातच असतं, हे चोरालाही माहीत असतं.

लाटांच्या तळ्याकाठी खुर्च्या असतात. तिथे आपली एसटीची सवय आडवी येते. खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो. रुमाल गेला तर गेला, दहा रुपयांचा. इथे लोक खुर्ची धरायला बॅग ठेवतात, बॅगेत फोन, वर टॉवेल. टॉवेलाखाली मोलाची वस्तू आहे ही जगजाहीर गोष्ट आहे. जागा धरायची तर टॉवेल एकटा ठेवा, नाहीतर पोरांची ट्यूब ठेवा. गळ्यातल्या पाणीबंद पिशवीत फोन घेऊन फिरणारे घसरगुंडीच्या जिन्यावर अडतात, कारण सैल वस्तू वर नेऊ देत नाहीत, आणि मग तो फोन कठड्यावर ठेवला जातो. फोटो काढायचे तर पहिल्या अर्ध्या तासात काढा, आणि फोन एकदाचा लॉकरात.

काउंटरवर पाटी असते, सामानाची जबाबदारी ज्याची त्याची. ती वाचून लोक आपला हक्क संपला असं धरून चालतात. तसं नाही. वस्तू तुम्ही एखाद्याच्या ताब्यात दिली, त्याने टोकन दिलं, तर १८७२चा करार कायदा त्याच्या कलम १५१ मध्ये म्हणतो, की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने घेतली पाहिजे. १९९८ साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्याने गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली, गाडी चोरीला गेली. पावतीवर मालकाची जोखीम असं छापलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ला सांगितलं, की हलगर्जी झाली असेल तर नुसत्या छापील ओळीमागे हॉटेलला लपता येणार नाही, आणि आपण काळजी घेतली होती हे हॉटेलनेच दाखवायचं. ज्या कपाटाची किल्ली तुमच्याच खिशात आहे तिथे हे इतकं सरळ लागू होत नाही. म्हणून मोलाची वस्तू पार्कात ठेवायचीच असेल तर माणसाकडे द्यावी, टोकन घ्यावं, आणि आत काय आहे ते मोजून दाखवावं. नाहीतर आणूच नये. माझं मत विचाराल तर दुसरंच खरं.

बारा ते चार

पार्किंगमध्ये पत्रा तापतो. कडुनिंबाच्या सावलीला चार-पाच गाड्यांचे ड्रायव्हर जमतात. नाशिकचा, जळगावचा, एक बीडचा. आमच्यात पाळी असते. दोघं जेवतात, दोघं झोपतात, एकजण सगळ्या गाड्यांवर नजर ठेवतो. काचेतून सीटवर काही दिसणार नाही असं मी बघतो. पिशवी रिकामी असली तरी बाहेरच्याला ती रिकामी दिसत नाही.

पार्किंगच्या चोऱ्यांचे प्रकार ठरलेले आहेत, आणि सगळ्यांत एकच युक्ती असते. तुमचं तोंड दुसरीकडे फिरवायचं. कुणीतरी येऊन सांगतो, भाऊ, तुमच्या गाडीखाली ऑईल गळू राहिलंय. तुम्ही वाकता, तोवर दुसऱ्या बाजूचं दार उघडलं जातं. दहा-दहाच्या चार नोटा जमिनीवर टाकून म्हणतात, तुमचे पैसे पडले. अंगावर घाण किंवा खाजेची पूड टाकून धुवायला पाणी देणारे असतात. यातलं काहीही झालं तर माझी एकच सवय आहे. आधी किल्ली फिरवून दारं लॉक करतो, मग खाली बघतो. ऑईल खरंच गळत असेल तर पाच सेकंदांनी काही बिघडत नाही. गाडीतून केलेल्या चोरीला नव्या न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आमच्या माणसांचं सामान गाडीतच असतं, त्यामुळे हे कलम मी पाठ केलंय.

गेल्या हंगामातली गोष्ट बीडच्या ड्रायव्हरला सांगितली. दुसऱ्या एका पार्कात आमच्या तालुक्यातल्या एका पोराचा फोन गेला. खुर्चीवर टॉवेलाखाली ठेवलेला. तो रडत बाहेर आला आणि सगळे आधी एकमेकांवर ओरडायला लागले. त्यात अर्धा तास जातो, आणि तोच अर्धा तास मोलाचा. मी माझा फोन त्याच्या हातात दिला. पहिला फोन सिमच्या कंपनीला, सिम बंद करा. दुसरा बँकेला, खातं आणि यूपीआय थांबवा. पैसे गेल्याचा संदेश घरच्या दुसऱ्या नंबरवर आलाच तर लगेच १९३०वर. मग पार्कच्या माणसाकडे, आणि त्याला नुसतं फोन गेला असं न सांगता कोणत्या खुर्चीवर, किती वाजून किती मिनिटांनी शेवटचा बघितला ते सांगायचं. कॅमेऱ्याचं आठ तासांचं चित्रण कुणी बघत बसत नाही, वीस मिनिटांचं बघतात.

मग पोलीस. लोक म्हणतात, चोरी झाली परजिल्ह्यात, आपल्याला अंधार पडायच्या आत निघायचंय, पुन्हा इथे कोण खेटे घालणार? पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे चोरीची फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कुणाची का असेना. म्हणजे शिर्डीत गेलेल्या फोनची फिर्याद कन्नड ठाण्यातही घ्यायला हवी, पुढे ते ती तिकडे पाठवतात. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची. फोन उचलून नेला असेल तर अर्जात उचलून नेला असंच लिहायचं. चौकीत कुणी म्हणालं की हरवला म्हणून लिहा, लवकर होईल, तर नम्रपणे नाही म्हणायचं. मग तोच नंबर परत घेऊन नवं सिम, आणि संचार साथीच्या संकेतस्थळावर पोलिसांची प्रत, आयएमईआय नंबर आणि त्या सिमवरचा ओटीपी देऊन फोन बंद करायचा. ही सोय देशभर मे २०२३ मध्ये आली. एकदा बंद झाला की त्या फोनमध्ये कुठलंही सिम घातलं तरी चालत नाही. पोराचा फोन परत मिळाला नाही. खात्यातला एक रुपयाही गेला नाही.

बीडचा ड्रायव्हर वयाने मोठा, त्याने सगळं ऐकून डायरीत १९३० लिहून घेतला. मला बरं वाटलं.

सव्वापाच

परतीचा तास सगळ्यांत कठीण. चोराची भीती कमी, पण हरवायची जास्त. पोरांचे डोळे लाल, बायका दमलेल्या, ओले कपडे एका पिशवीत, कोरडे दुसऱ्या, चपला तिसऱ्या, आणि सगळ्यांना खिडकीची जागा हवी. मी दार उघडत नाही. आधी बाहेर सामान मांडायचं. सकाळचा फोटो उघडतो, फितींचे रंग बघतो. निळ्या फितीच्या घराची एक पिशवी कमी.

"आजी, तुमच्या नातवाकडं होती ना?"

"त्याचं कपडे बदलायच्या खोलीत राह्यलं आसंल."

पोरगा धावत गेला, पिशवी खुंटीलाच होती. लॉकरची अनामत कुणी परत घेतली ते विचारलं. पिवळ्या फितीच्या घराने घेतलीच नव्हती, त्यांची किल्ली काकांच्या नाडीलाच राहिली होती. काका परत गेले. फोनची माझ्याकडची पिशवी कागद समोर धरून उघडली, नाव वाचत एकेक दिला, प्रत्येकाने आपला लॉक उघडून बघितला. मग दार उघडलं. वीस मिनिटं गेली, पण वाटेत कुणी "गाडी वळवा" म्हणणार नाही.

रात्री साडेनऊ

पिशोर नाका. मंडळी उतरली. काकूंनी माझ्या हातात पार्कात न संपलेल्या गुळपोळ्यांचा डबा दिला आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी मी आधीच पोत घालून येईन.

रिकामी गाडी मी त्याच रात्री झाडतो. सकाळपर्यंत ठेवली तर कुणाचं काय होतं ते आठवत नाही. सीटखालून एक चार्जर निघाला, पोरांचा गॉगल, आणि मागच्या सीटच्या फटीतून लहान मुलीचं एक पैंजण. चांदीचंच. गॉगल आणि चार्जरचा फोटो ग्रुपवर टाकला. पैंजणाचा टाकला नाही, फक्त लिहिलं, की एक पैंजण सापडलंय, कुणाचं आहे त्याने खूण सांगावी. दोन घरांतून आमचं म्हणून निरोप आले, दोन्ही पोरी एकाच वयाच्या आणि दोघी पैंजणं घालूनच आल्या होत्या. मी विचारलं, कडीजवळ काय आहे? एका घरातून उत्तर आलं, कडी मोडली होती म्हणून लाल दोऱ्याने बांधलंय. दुसऱ्या घरातल्या आईने मग पोरीचे पाय बघून कळवलं, आमची दोन्ही पायांत आहेत. पैंजण कागदात गुंडाळून वर नाव लिहिलं. उद्या सकाळी दहानंतर स्टँडजवळ मी असेन, तिथे येऊन घेऊन जा असं त्यांना कळवलं, आणि परवाच्या वर्दीवाल्यांना दागिने घरी ठेवायचा निरोप पाठवला.